वरच्या खोलीची तार

हवा ही श्वास घेण्यासाठी असते, निरोप पाठवण्यासाठी नव्हे, असे ठामपणे मानणारे या जगातले बहुधा शेवटचे गृहस्थ धुळ्यात राहतात आणि ते माझे काका आहेत. नात्याने वडिलांचे चुलतभाऊ, घरात सगळ्यांचे नाना. टेलिफोन खात्यात लाईनमन म्हणून त्यांनी उभी हयात खांबांवर काढली. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी ते खांबावरून खाली उतरले आहेत असे मला अजून वाटत नाही. रस्त्याने जाताना ते समोरून येणाऱ्या माणसांकडे पाहत नाहीत, वर पाहतात. जामनेरला एका पुतणीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी त्यांची शोधाशोध झाली, तेव्हा ते मांडवामागे लाउडस्पीकरच्या तारेचा सैल जोड पक्का करीत बसलेले सापडले. अक्षता त्यांनी तिथूनच टाकल्या. हाताला चिकटपट्टीचा डिंक असल्यामुळे निम्म्या हातालाच राहिल्या.

मुलाने हौसेने घेऊन दिलेला मोबाईल त्यांनी नाकारला नाही, पण त्याला शिस्त लावली. तो बैठकीतल्या तिपाईवर असतो आणि चार्जरची वायर त्याला अष्टौप्रहर जोडलेली असते. ती काढली की फोन अधांतरी होतो, असे नानांचे मत आहे. त्यामुळे नाना बाजारात गेले की फोन घरी वाजतो आणि काकू तो उचलून सांगतात, ते बाहेर गेलेत, आले की करायला सांगते. उत्क्रांती उलट्या दिशेने चालवण्याचा इतका यशस्वी प्रयोग मी अन्यत्र पाहिलेला नाही.

अशा माणसाला वायफायसाठी बोलावण्याची वेळ माझ्यावर आली, त्याला कारण माझी मुलाखत. बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेत पीएचडीसाठी माझी निवड व्हायची होती आणि ती या एका ऑनलाइन मुलाखतीवर ठरणार होती. आमचे जळगावचे घर म्हणजे एकामागे एक चार खोल्या, आणि शेवटच्या खोलीवर मागाहून बांधलेली माझी अभ्यासाची खोली. राउटर अगदी पुढच्या खोलीत. मी पद्धतशीरपणे घराचा आराखडा काढला, प्रत्येक कोपऱ्यातल्या सिग्नलची नोंद केली आणि मधल्या खोलीत एक रिपीटर बसवला. पण त्याच्यापर्यंतच सिग्नल कुजबुजीसारखा पोहोचत होता, आणि तो इमानाने ती कुजबुजच पुढे पाठवत होता. बाबांनी सहज फोनवर हे नानांच्या कानावर घातले. “सगळं घर हवेवर सोडलंय होय रे तुम्ही?” एवढेच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी एसटीने ते दारात हजर झाले. खांद्यावर पिशवी होती, हातात तारेचे वेटोळे होते. मोबाईल आणला नव्हता. तो घरी असतो.

गंमत अशी, की त्यांचा आणि माझा आराखडा तंतोतंत जुळला. राउटरपासून तार काढायची, एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे सिग्नल देणारे खोके, स्वयंपाकघरात आणि एक माझ्या खोलीत टेबलावर बसवायचा, आणि हवेला फक्त शेवटची चार पावले चालायला लावायची. मी तिथवर गणिताने पोहोचले होते, नाना अविश्वासाने. पुढचे दोन दिवस ते शिडीवर होते. तार त्यांनी कुठेही काटकोनात मोडली नाही, प्रत्येक वळण पाठीवरून हात फिरवावा तसे दिले. दोन्ही टोकांना पांढरी पट्टी लावून तीवर निळ्या बॉलपेनने नाव लिहिले. माझ्या तारेवर ‘वरची खोली, पोरगी’ असे होते. एवढे करून टेबलामागे दोन हात जादा तार त्यांनी गुंडाळून खिळ्याला टांगली. ही निष्कारण लांबी कशाला, असे मी विचारले. काम करताना नाना अहिराणीवर उतरतात. “आज टेबल आठे शे. सकाय कोठे जाई, तुले माहीत शे का?” आज टेबल इथे आहे, उद्या कुठे जाईल हे मला खरोखरच माहीत नव्हते.

खरा वाद झाला तो नावांवरून. माझे म्हणणे, तिन्ही ठिकाणी वायफायचे नाव एकच ठेवू, पासवर्डही एकच, म्हणजे लॅपटॉप जिथे जाईल तिथला जवळचा सिग्नल आपण होऊन धरील. नानांनी हे ऐकून घेतले आणि उठून पाणी प्यायले. एक नंबर दोन घरांना दिला की काय होते, हे त्यांनी नोकरीत पुरेपूर भोगले होते. एकाच्या घरचे बोलणे दुसऱ्याच्या कानात, मग तक्रारी, मग भांडणे. ज्याचा त्याला नंबर, हा त्यांचा धर्म. शेवटी तार त्यांची म्हणून मी माघार घेतली. आमच्या घरात ‘बैठक’, ‘स्वयंपाकघर’ आणि ‘वरची खोली’ अशी तीन वायफाय नांदू लागली आणि तिघांचे तीन पासवर्ड नानांनी एका कागदावर लिहून ठेवले.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी माझ्या पुण्याच्या सरांनी सराव घेतला. मी बैठकीत चहा घेतला, लॅपटॉप उचलून वर गेले आणि बोलायला सुरुवात केली. तिसऱ्या वाक्याला सर थिजले. त्यांच्या पडद्यावर मी उघड्या तोंडाने थिजले होते. पुन्हा जोडले, पुन्हा तेच. उद्या हेच झाले तर माझी दोन वर्षांची तयारी एका थिजलेल्या चेहऱ्यावर संपणार होती.

नाना जिन्याच्या तोंडाशी उभे होते. ते खाली गेले आणि त्यांनी प्रत्येक जोड तपासला. मी वर कारण शोधत होते. ते सापडलेही. लॅपटॉपने खालच्या ‘बैठकी’ला धरले होते आणि चार भिंती ओलांडून आल्यावरही तो तिलाच चिकटून होता. हाताच्या अंतरावरची ‘वरची खोली’ त्याच्या लेखी परक्याचे घर होते.

नाना परत आले. चेहरा उतरलेला होता. मी म्हणाले, “तार बरोबर आहे, नाना.”

“नक्की?”

“नक्की. चूक नावांची आहे. तुम्ही पॅरलल फोन बसवायचे ना? नंबर एक, पण एक फोन बैठकीत, एक आत. माणूस जिथे असेल तिथला उचलतो. हे तसं आहे. घर एकच आहे.”

पॅरलल फोन त्यांनी शेकड्यांनी बसवले असतील. मग खिशातून पेन काढून त्यांनी तीन पासवर्ड लिहिलेल्या कागदावर सावकाश एक रेघ मारली.

“इतलं आधी सांगानं व्हतं ना, पोरी,” ते म्हणाले. “लाव एकच नाव.”

दुसऱ्या दिवशी मुलाखतभर नाना जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून होते. आईला त्यांनी मिक्सर लावू दिला नाही, बाबांना पंख्याचे बटणही दाबू दिले नाही. या निर्बंधांना शास्त्रीय आधार शून्य होता. मुलाखत एकदाही न तुटता पार पडली, आणि महिन्याभराने मी बंगळुरूला गेले.

इथे वायफाय सर्वत्र असते आणि तार कुठेच दिसत नाही. ती कुणीतरी, कधीतरी भिंतीतून नेली असणार, एवढे आता माझ्या ध्यानात येते. दिवाळीत घरी आले तेव्हा आईने सांगितले, की नाना दर रविवारी फोन करतात आणि वरच्या खोलीतल्या खोक्यावरचा हिरवा दिवा लागलेला आहे का, ते विचारतात. ती गुडघे धरत जिना चढते, पाहते आणि सांगते. पोरगी तिथे नाही तर तो बंद का करू नये, असे तिने एकदा सुचवले होते. माणूस गावाला गेला म्हणून कुणी लाईन काढत नाही, असे उत्तर आले.

दुपारी मी टेबल ओढून खिडकीशी नेले. खिळ्यावरची गुंडाळी सोडली. तार खिडकीपर्यंत पोहोचली आणि तरी वीतभर उरली. मी धुळ्याला फोन लावला. तिपाईवर तो बराच वेळ वाजला.

“कुठून बोलतेस?” नानांनी विचारले.

“वरच्या खोलीतून.”

“दिवा?”

“हिरवा आहे.”

पलीकडे तिपाईजवळ खुर्ची ओढल्याचा आवाज आला. चार्जरची वायर पुरेल इतक्याच अंतरावर ते बसले असणार.

“मग बोल,” नाना म्हणाले.