बाईंचं दार

“दार बंद आहे म्हणून घर रिकामं आहे, असं कोणी सांगितलं तुला?” बाई हे वाक्य डस्टर आपटूनच म्हणत. डोंबिवलीतल्या आमच्या ज्युनियर कॉलेजात त्या बायॉलॉजी शिकवायच्या. मी लॅब अटेंडंट.

स्वादुपिंडाचा धडा आला की त्या अख्ख्या लॅबची पेशी करून टाकत. आत खिडकीपाशी खडू घेतलेली पाच पोरं, ते इन्सुलिन. बाहेर व्हरांड्यात उरलेला वर्ग, ते कॅल्शियम. दार मी बंद धरायचं. बाई “साखर आली” म्हणाल्या की मी दार सोडायचो, कॅल्शियम आत घुसायचं आणि मगच खिडकीतून खडू बाहेर पडायचे. ते वेचायलाही मीच.

तोवर अकरा वर्षं मी ते दार धरलं होतं. आणि घरी माझी तेव्हा नऊ वर्षांची मुलगी दोन महिन्यांची असल्यापासून रोज इन्सुलिनच्या चार सुया टोचून घेत होती. नातेवाईक बायकोलाच बोल लावायचे, गरोदरपणी गोड खाल्लं म्हणे. माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही. त्याचा राग मला आजही येतो, आणि एकाही डॉक्टरने तिच्या वयाचा विचार केला नाही याचा त्याहून जास्त.

एकदा तिच्यासाठी सुट्टी मागताना बाईंना सगळं सांगावं लागलं. त्या तापल्याच.

“दोन महिन्यांची? अरे, इतक्या तान्ह्या बाळाला नेहमीचा मधुमेह सहसा होत नाही. इन्सुलिन आत असेल तिच्या, दारच उघडत नसेल. अकरा वर्षं काय झोपलेलास?”

दुसऱ्या दिवशी त्या आमच्याबरोबर हॉस्पिटलात. डॉक्टर म्हणाले, “मॅडम, तुम्ही शिकवा, उपचार आम्ही करतो.”

“मग जीन तपासा. मी बसते,” बाई म्हणाल्या. खरंच बसल्या. डबाही तिथेच खाल्ला.

काही आठवड्यांनी रिपोर्ट बाईंच्या बाजूने आला. मुलीला वॉर्डात ठेवून ते दार उघडणाऱ्या गोळ्या सुरू केल्या आणि हळूहळू सुया सुटल्या. पेढे घेऊन गेलो तर बाई माझ्यावरच ओरडल्या, “पेढे कसले? नऊ वर्षं पोरीला टोचलंत, त्याचं काय?” मग पाठ फिरवून डोळे पुसले.

मागच्या वर्षी बाई गेल्या. नवे सर तो धडा पडद्यावर दाखवतात, उजेड नको म्हणून दार लावायला सांगतात. यंदा माझी मुलगी अकरावीत, त्याच वर्गात आहे. परवा दार ओढायला गेलो तर तिने आतून पाय अडकवला.

“बाबा, राहू दे.”

सरांची बोलणी खाल्ली, पण तास संपेपर्यंत दार उघडं धरून उभा राहिलो.