अठरा सांगून बारा

माझ्या थोरल्या साडूंनी मला सहा फुटांनी फसवलं. सरळ सांगतो, कारण आडवळणाने सांगायची सवय त्यांची, माझी नाही. आख्ख्या मुळशी तालुक्यात मला सौद्यात कुणी हरवलेलं नाही. एका जुन्या टेम्पोवर धंदा सुरू केला, आज माझ्या तीन जीपा शहरातल्या माणसांना धरणावर फिरवतात, आणि यातला एक नटसुद्धा मी समोरच्याने सांगितल्या भावाने घेतलेला नाही. अशा माणसाला घरच्याच माणसाने गंडवलं, आणि मला ते कळायच्या आधी साडू हिंजवडीला मुलाच्या फ्लॅटवर, सतराव्या मजल्यावर जाऊन बसले. मला ते परत हवे आहेत.

साडूंची सगळी नोकरी सरकारी बिनतारी विभागात गेली, आणि निवृत्तीनंतरही ती त्यांच्या तोंडातून गेली नाही. बोलणं संपलं की ‘ओव्हर’ म्हणायचे, आणि समोरचा म्हणेपर्यंत उत्तर द्यायचे नाहीत. मेहुणीबाई ओट्यावर उभ्या राहून पाव तास तोंडाचा पट्टा चालवायच्या, हे शांत. शेवटी म्हणायचे, “ओव्हर म्हन, मंग बोलतो.” तार किंवा दोर कापायचा म्हटलं की तीनदा मोजायचे. माझ्या मुलीच्या लग्नात मांडवाचा दोर त्यांच्या हातात दिला, तर नवरदेव वेशीत आला तरी यांचं मोजणं चालूच. वर ज्ञान: “तार येकदाच कापायची. जोडलेली तार म्हंजी मनधरणी करून आनलेला जावई, कवा रुसंल न्हेम न्हाई.” बंडीच्या खिशात एक निळी वही असायची. माझ्याशी बोलून झालं की तीत दोन ओळी लिहायचे. काय लिहिता विचारलं तर म्हणायचे, “हवामान.”

धरणामागे रस्ता घाटाकडे वळला की मोबाईल नुसता खिशात उबवायचा. म्हणून साडूंच्याच सल्ल्याने माझ्या जीपमध्ये सीबी रेडिओ बसवायचा ठरला. मी गाडीतून बोलणार, ते घरच्या सेटवर ऐकणार. अँटेना मागच्या बंपरवर, सेट पुढे स्टिअरिंगजवळ. दोन्हींमधलं अंतर मी टेपने मोजून ठेवलं होतं, नऊ फूट. साडू वायरचं भेंडोळं घेऊन ओट्यावर बसले होते.

“अठरा फूट लागंल,” ते म्हणाले.

“अठरा? जीप हाय का आगगाडी?”

“हितं अंतर मोजायचं नसतंय, पाव्हणं. लहर मोजायची असती. तार चुकीच्या मापाची पडली की सेटचं मीटर खोटं बोलतंय.”

“माझा टेप खोटं बोलत न्हाई. नऊ.”

“अठरा.”

“बाकीची नऊ फूट काय सीटखाली नांदायला येनार?”

तासभर चाललं. दोनदा चहा झाला. मी एकदा टेप अंगणात भिरकावला, दोनदा उठून जीपमध्ये जाऊन बसलो, आणि त्यांनी दोन्ही वेळा हाक मारली. ते सोळावर आले, मी दहावर. ते चौदावर आले, तेव्हा मी शेवटचा घाव घातला. “बारा. वर येक बोट न्हाई.”

“तुमच्याफुडं कोन बोलनार,” पडलेल्या चेहऱ्याने ते म्हणाले, आणि कात्री उचलली. तीनदा मोजणाऱ्या माणसाने वायर एकदाही न मोजता कापली. जिथे कापली तिथे मेहुणीबाईंच्या नेलपॉलिशची लाल खूण आधीपासून होती. मी ती पाहिली. कंपनीची असेल, म्हणून सोडून दिली. जास्तीची तीन फूट वायर गच्च न गुंडाळता मोकळ्या वेटोळ्यात सीटखाली ठेवताना ते गुणगुणत होते, तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. पण मी गावभर सांगत सुटलो की म्हाताऱ्याची सहा फूट वायर मी वाचवली.

सेट असा स्वच्छ वाजला की बोलून सोय नाही. रोज सकाळी वळणावर त्यांचा आवाज यायचा, “म्होरं धुकं हाय, दमानं घ्या. ओव्हर.” मी म्हणायचो, “दिसतंय मला. ओव्हर.” दिसत काही नसायचं. गाडी मात्र मी हळू घ्यायचो.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर ते माझ्या अंगणात आले. म्हणाले, “पोराकडं चाललो. कायमचा.” एवढं बोलून पायरीवर एक पाय ठेवून उभे राहिले. मला न विचारता ठरवलं याचा मला असा राग आला, की जन्मात पहिल्यांदा मी समोरच्याने सांगितलेला आकडा तसाच घेतला. “जावा,” म्हणालो. ते थोडं थांबले. “बरं. ओव्हर.” मी जीपचं बॉनेट उघडून आत डोकं घातलं. ते आणखी थोडं थांबले, मग गेले.

त्यांचा सेट मागे त्यांच्या घरीच राहिला. त्यावर फडकं टाकायला गेलो, तर खाली निळी वही. हवामान उघडलं. पहिल्याच पानावर: ‘पाव्हण्यांना येकला जेवाय बोलवायचं तर बाराला या सांगणे.’ पुढे जीपचं पान: ‘अर्धी लहर हवेत अठरा फूट, तारेत आखडून बारा. लागणार बारा. अठरा सांगणे. पाव्हणं नऊवरून चढतील.’ मला इतका संताप आला, की वही फाडायचीच बाकी होती. मग शेवटचं पान लागलं. ‘पोरगा कायमचा ये म्हनतोय. मला पावसाळ्यापुरतंच जायचंय. पाव्हण्यांना कायमचा जातो सांगणे. भांडून चार म्हैन्यांवर आणतील. मंग पोराला सांगता येतंय, पाव्हणं ऐकत न्हाईत.’

वही मी माझ्या खिशात ठेवली.

सतराव्या मजल्यावर अँटेना लावायला सोसायटी परवानगी देत नाही. फोनवर ते बोलतात, पण ‘ओव्हर’ म्हणत नाहीत, त्यामुळे बोलणं संपलं कधी ते मला समजत नाही. वळणावर मी अजून सेट लावतो. नुसती खरखर येते, बारा फुटांतून, स्वच्छ.

आता साडू, माझा आकडा ऐका. दिवाळीच्या आत, सामानासकट, आपल्या ओट्यावर. यात घासाघीस नाही. आणि समोर बसून एका गोष्टीचा जाब द्यायचा. इतकी वर्षं माझं हवामान लिहिलंत, मग त्या दिवशी मी भांडलो नाही, तेव्हा पायरीवरून पाय काढण्याआधी तुम्ही दुसरा आकडा का सांगितला नाहीत?