बाई हजर होत्या

पुकारा करायची एक रीत असते. ती मला माझ्या आधीच्या म्हाताऱ्या शिपायानं शिकवली. कोर्टाच्या दारात उभं राहून ओरडायचं नाही, व्हरांड्याच्या कडेपर्यंत चालत यायचं. पहिली हाक फाटकाकडं, दुसरी चहाच्या टपरीकडं, तिसरी चिंचेकडं. दोन हाकांमध्ये बसलेला माणूस उठून चपला घालेल एवढी उसंत ठेवायची. "वकीलवाल्याला त्याचा वकील घेऊन येतो," तो म्हणायचा. "ज्याला वकील न्हाई, त्याला तुझा घसाच आणणार, बाबा."

नांदेड जिल्ह्यातल्या एका कोर्टात मी एकतीस वर्षं शिपाई होतो. आता मुलाकडं लातूरला असतो. इथल्या कोर्टात मध्ये एकदा एका दाखल्यासाठी गेलो, तर भिंतीवर पाटी आणि पाटीवर आपोआप बदलणारे नंबर. दाराशीच मोफत मदतीचं टेबल, त्यावर बसलेली मुलगी ज्याला त्याला विचारत होती, "वकील आहे का तुम्हाला?" चांगलं आहे सगळं. पण मला आमचं जुनं आवार आठवलं. टंकलेखन यंत्रांची खडखड, कोर्ट फीच्या तिकिटांच्या डिंकाचा वास, आणि चिंचेखाली पत्र्याच्या पेटीवर कागद ठेवून लिहिणारे मुन्शीजी. वकील करायची ऐपत नसलेल्यांचे अर्ज तेच लिहायचे. अक्षर मोत्यासारखं आणि बोलणं निम्मं उर्दू. माणूस रडायला लागला की म्हणायचे, "पहले पाणी पी, नंतर लिहू."

आमच्या कोर्टात मीही भला माणूस म्हणून ओळखला जायचो. आवारात सगळे मला मामा म्हणत. निरोप समारंभात साहेबांनी सांगितलं, "मामांनी किती गरिबांना वाट दाखवली." टाळ्या झाल्या. मी मान खाली घालून बसलो, तेव्हा लोकांना तो विनय वाटला.

खरं काय ते आता लिहितो.

देवणीकडची एक विधवा होती. वय पंचवीस-सव्वीस. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तिला माहेरी धाडलं आणि चार वर्षांची मुलगी ठेवून घेतली. सासर लोह्याकडचं, म्हणून कोर्ट आमचं. मुलीचा ताबा मिळावा, असा अर्ज तिनं मुन्शीजींकडून लिहून घेतला होता. वकील नव्हता. गरिबाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. पण तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

त्या तारखेला ती दोन गाड्या बदलून दहाच्या आधीच आली. पिशवीत राजगिऱ्याचे लाडू होते.

"मामा, आज लेकराला आणतील का हो?"

"आणतील, न आणतील. तुम्ही चिंचेखाली सावलीत बसा. नंबर आला की मी हाक मारतो."

"बगा हां. मला तुमच्याबिगर कुणी न्हाई इथं."

त्याच दिवशी माझ्या थोरलीला बघायला पाहुणे येणार होते. अर्ध्या दिवसाची रजा मंजूर होती, पण समोरची कामं संपल्याशिवाय निघता येत नव्हतं. माझं लक्ष घड्याळात. बाईंचा नंबर आला तेव्हा मी दारातून हललोसुद्धा नाही. तोंड साहेबांकडं ठेवून, एका दमात, तीनदा नाव घेतलं. ते चिंचेपर्यंत कसं जाणार? फार तर पाच सेकंद लागले असतील. साहेबांनी सांगितलं, कारकुनानं रोजनाम्यात लिहिलं: पुकारा करूनही अर्जदार गैरहजर. अर्ज काढून टाकला.

मी सायकल काढत होतो, तर बाई समोर.

"मामा, माझा नंबर?"

मी म्हणालो, "अहो, कुठं होता तुम्ही? तीनदा घसा फोडला!"

तिनं पदराखालून कानाला हात लावला. "मी तर तिथंच होते. हलले पण न्हाई. कान गेले की काय माझे?"

मी सायकलचा स्टँड काढला. मग तिनंच लाडवांची पुडी माझ्या हातात दिली. "लेकरू तर आलं न्हाई. तुमच्या लेकीला न्या." मी ती घेतली. पाहुण्यांच्या ताटात ते लाडू ठेवले.

दुसऱ्या दिवशी मी फार धावपळ केली. बाई रात्री ओळखीच्यांकडं राहिल्या होत्या. त्यांना मुन्शीजींकडं नेलं, अर्ज पुन्हा चालू करायचा अर्ज लिहायला सांगितलं. कारण काय लिहू, असं त्यांनी विचारलं.

"लिहा की, अर्जदारास कमी ऐकू येतं."

मुन्शीजींनी बोरू थांबवला. कागदावरून नजर न काढता, अगदी ओठांतल्या ओठांत विचारलं, "बाई, माहेरी कोण कोण हाय?"

"आई हाय, दोन भाऊ हायेत," बाई लगेच म्हणाल्या.

मुन्शीजींनी माझ्याकडं बघितलं. "लिहू ना, मामा?"

"लिहा."

त्यांनी लिहिलं. त्यानंतर ते माझ्याशी पूर्वीसारखं बोलले नाहीत, आणि मीही कधी विचारलं नाही.

अर्ज पुन्हा चालू झाला. या वेळी मी मोफत वकिलाचं सांगितलं, वकील मिळाला, निकाल बाईंच्या बाजूनं लागला. पण मधे आठ महिने गेले. मुलगी आईकडं आली तेव्हा काकूला आई म्हणत होती, आणि बाईंना नुसतंच "ए".

बाई मात्र मला विसरल्या नाहीत. दर वर्षी तुरीच्या शेंगा घेऊन यायच्या. माझ्याशी बोलताना कान पुढं करायच्या, आणि मी, मला सगळं ठाऊक असूनही, मोठ्यानं बोलायचो.

मुलगी आता लातूरलाच नोकरी करते. मागच्या हिवाळ्यात बाई तिच्याकडं आल्या होत्या, तशा माझ्याकडंही आल्या. हसत सांगायला लागल्या, "मामा, शिबिरात कान दाखवले. डॉक्टर म्हणला, आजी, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले हायेत, मशीन कशाला मागून राहिले?"

मी हसलो. बाई मात्र हसता हसता थांबल्या.

"पण पोरगी बोलंना झाली. तिच्या काकांनी तिला लहानपणीच सांगितलं होतं, तुझी आई तारखेला आलीच न्हाई. कोर्टाचा कागद पण दावला होता, गैरहजर लिहिलेला. मी म्हणायची, आल्ते गं, ऐकू आलं न्हाई. आता म्हणती, कान चांगले होते तर तू नव्हतीसच. खोटं बोललीस इतकी वर्षं."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला आणि सांगितलं. दार, घड्याळ, पाहुणे, सगळं. आवाज न चढवता सांगितलं.

बाईंनीही कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आठ महिने, मामा." आणि पदर सावरत, "मला सांगून काय उपेग? मी हाय तिथंच होते, हे मला ठाव हाय. उठा. पोरीला सांगा."

रिक्षानं आम्ही तिच्या घरी गेलो. मुलीनं दार उघडलं, मला ओळखून "या आजोबा" म्हणाली. मी बसलो नाही.

"तुझी आई त्या दिवशी हजर होती," मी म्हणालो. "दहाच्या आधीपासून. मी नीट पुकारा केला नाही. कागदावर आहे ते माझ्यामुळं आहे. तुझ्यासाठी राजगिऱ्याचे लाडू आणले होते तिनं. ते पण मीच नेले."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं आईकडं बघितलं. आणि आत गेली. भांडं ठेवल्याचा, गॅस पेटल्याचा आवाज आला. बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत खुर्चीच्या कडेला टेकल्या होत्या. मी निघावं का थांबावं, ते मला कळेना.

आतून मुलीचा आवाज आला. हळू, स्वतःशीच बोलावं तसा.

"आई, चहात साखर किती?"

"माझ्यात दोन चमचे," बाई म्हणाल्या. "मामाला नको. त्यांना शुगर हाय."