उजवीकडचे बंद

नातवाने मोबाईलवर लिलावातला फोटो दाखवला. खाली लिहिले होते, राजघराण्यातला जरीचा अंगरखा. मी तो लगेच ओळखला. पन्नास वर्षांपूर्वी नगरच्या माझ्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून मीच तो विकला होता. तो कुठल्याही राजाचा नाही, हे आता लिहून ठेवतो.

बेलापूरच्या करीमभाई शिंप्यांनी तो स्वतःच्या निकाहासाठी शिवला होता. ते गेल्यावर त्यांच्या बायकोने, हलिमाबींनी, तो मला विकला. आठवड्याभराने त्या पुन्हा आल्या.

"भाऊ, एकदा हातात देता का?"

अंगरख्याला अजून खसाच्या अत्तराचा वास होता. त्यांनी तो छातीशी धरला, बंद चाचपले आणि थबकल्या.

"आमच्यात उजवीकडं बांधत्यात. हे डावीकडं कसे आले?"

"हिंदू डावीकडे बांधतात. राजाचा म्हणून विकायचाय," मी म्हणालो. बंद मीच उसवून दुसऱ्या बाजूला लावून घेतले होते. तेव्हा मला ती हुशारी वाटली होती.

त्या भांडल्या नाहीत. उसवलेल्या जागेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "त्यांच्या हातचा टाका हुता. तेवढा दोरा तरी ठिवलाय का?"

दोरा मी सकाळीच केरात लोटला होता.