रुमालाखालचा हात

डेनिस साहेब गेल्याची बातमी मागच्या महिन्यात शाळेच्या मास्तरांनी इंग्रजी वर्तमानपत्रातून वाचून दाखवली. आयर्लंडचा पुढारी, पार्लमेंटात सरकारला धारेवर धरणारा, तुरुंगालाही न डरलेला... भीती त्याला ठाऊकच नव्हती, असं शेवटी छापलं होतं. मी मान डोलावली आणि आधी उठून दार लावून घेतलं. मी मुळातच भित्रा माणूस.

अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले, तेव्हा हा तांबड्या केसांचा तरुण खरेदीसाठी अमरावतीला आला. मी दलाल. भाव तोंडाने बोलायचा नाही, रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून सांगायचा, ही बाजाराची रीत मीच त्याला शिकवली. वऱ्हाडी त्याने गाडीवानांकडून उचलली, शिव्यांसकट. अकोल्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंना नुसता कापूस पाहून एकदा तो थांबला. "जवारी कोन पेरून राहिलं मंग? खासाल काय?" त्याच्या लहानपणी त्यांच्याकडे बटाटा सडला, गावंच्या गावं उपाशी मेली, आणि तेव्हाही धान्याची जहाजं बंदरातून इंग्लंडला जात होती. हे तो चारचौघांत मोठ्याने सांगायचा. मी इकडेतिकडे बघत त्याला गप्प करायचो आणि तो माझ्या घाबरटपणाला हसायचा.

पुढे त्याच्या देशात इंग्रज सरकारविरुद्ध बंडाचा कट उघडकीस आला. कटातल्या माणसांचा शोध इथवर चालला आहे, अशी कुजबुज होती. एका सकाळी आमचा सौदा चालू असताना एक गोरा अंमलदार घोड्यावरून उतरून थेट आमच्याजवळ उभा राहिला. साहेब त्याच्याशी नेहमीच्याच आवाजात हसून बोलला. रुमालाखाली मात्र त्याने माझी पाचही बोटं घट्ट धरली. मला वाटलं, भाव वाढवला. भीतीने डोकं चालत नव्हतं, सवयीनं तोंडातून निघून गेलं, "झाला सौदा." हमाल बोजे उचलू लागले, एकच गलका झाला. अंमलदार जरा वेळ बघत राहिला, आणि हा साधा व्यापारीच असं समजून निघून गेला.

मी रुमाल काढायला गेलो, तर तो हात सोडेना. हात गार पडला होता.

"भाव नाई सांगितला, भाऊ," तो पुटपुटला. "मले भेव लागून राहिलं."

"मलेबी," मी म्हणालो. रुमाल मी तसाच राहू दिला.

त्याच दिवशी कापसाच्या गाडीतून तो अकोल्याकडे निघाला. परत भेट झाली नाही. एवढं भेव पोटात घेऊन तो तुरुंगात कसा गेला असेल, भरल्या सभेत कसा उभा राहिला असेल, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

तो रुमाल आज खुंटीवरून काढून मांडीवर घेतला आहे. दार लावलेलं आहे. भीती आहेच, असू दे. ही आठवण छापाल तेव्हा खाली माझं पूर्ण नाव छापा, असं मी आपल्या मराठी वर्तमानपत्राच्या संपादकांना कळवलं आहे.