पेरूंचे खिसे

अमेरिकेत, आमच्या शुगर लँडच्या पार्कात एक क्यूबन आजोबा रोज संध्याकाळी भेटतात. अंगात चार खिशांचा पांढरा शर्ट, ग्वायाबेरा. "ग्वायाबा म्हणजे पेरू. शेतकरी या खिशांत पेरू भरायचे, म्हणून हे नाव," खिसे थोपटत ते एकदा मला इंग्रजीत सांगत होते. शेजारी बसलेली त्यांची नात स्पॅनिशमध्ये उसळली. मग हातवारे करत दोघांचं कडाक्याचं भांडण. "नाव क्यूबातल्या एका नदीवरून पडलंय म्हणते. माझं ऐकतच नाही," आजोबांनी तक्रार केली, पण चेहरा कसला फुलला होता! माझा नुसता जळफळाट. परवाच मी माझ्या मुलीला सांगितलं, आपल्या बाराबंदीला बारा बंद, म्हणून ते नाव. "कूल, बाबा," म्हणत तिनं इयरफोन घातले.

"काहीतरीच काय, बाबा!" एवढं तरी म्हणायचं होतंस गं.