“आपल्याकडे असं नव्हतं”

“ए बाई, तू इथं कुठं बसलीस? उठ. मागं सतरंजी घातलीय.”

नाट्यमंडळाच्या सेक्रेटरीची बायको बोलली. हळू नाही बोलली. पुढच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या. माझ्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. तरी मी उठले. अंगातली सवय पुढं झाली आणि मी मागं गेले.

अलिबागजवळच्या त्या हॉलची झाडलोट मीच करायचे. रविवारी दुपारी तिथं पिक्चर दाखवणार होते, जुन्या काळच्या गुलामांवरचा. बाहेर फळ्यावर लिहिलं होतं, ‘सर्वांना मुक्त प्रवेश’. मला वाचता येतं. सकाळी फरशी पुसली, घरी गेले, अंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसले आणि पिक्चर बघायला आले. कामाला नव्हते आले.

सतरंजी पावसानं ओलसर झाली होती. मी भिंतीला टेकून बसले.

पिक्चर परदेशातला. खाली मराठी अक्षरं येत होती. काळी माणसं, मोठं शेत, गोरा मालक. एक बाई असते. तिची मुलगी मालक दुसऱ्या घरी पाठवून देतो. मुलगी गाडीत बसते. मला वाटलं, आता आई ओरडणार, गाडीमागं धावणार. ती धावत नाही. कुंपणाला हात लावून नुसती उभी राहते. चेहरा अगदी कोरडा.

पुढच्या रांगांत बायका डोळे पुसत होत्या. मला रडू आलं नाही.  तो चेहरा मी बघितला होता. माझ्या आईचा.

आम्ही कातकरी. दिवाळी झाली की आईबाप पेणच्या बाजूला वीटभट्टीवर जायचे, पाऊस आला की वाडीवर परतायचे. एका पावसाळ्यात सगळे परतले, मी नाही. भट्टीवाल्यानं मला त्याच्या घरी ठेवून घेतलं. पोर इथं राहिली की आईबाप पुढच्या हंगामाला दुसरीकडं जात नाहीत, एवढाच हिशोब. मी भांडी घासायची. त्यांचं तान्हं मूल कडेवर घ्यायची, ते माझ्यापेक्षा जड वाटायचं. झोपायला गोठ्याशेजारची पडवी.

श्रावणात आई भेटायला आली. पानात बांधून भाजलेल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, आणल्या होत्या. मला त्या फार आवडायच्या. मालकीण म्हणाली, “असलं काही आमच्या अंगणात नको,” आणि पुडी उकिरड्यावर टाकायला लावली. मलाच.

आई मला म्हणाली, “जेवतंस ना?” मी मान हलवली. ती गेली. मला जवळ घेतलं नाही, वळून बघितलं नाही.

पुढं तिथनं सुटले, आश्रमशाळेत गेले, लग्न झालं, पोरं झाली. पण मनात एकच बसलं होतं, आईला मी नको होते. आई वारली तेव्हाही ते मनात तसंच होतं. त्या ओल्या सतरंजीवर बसून मला कळलं, की ती रडली असती तर मीही रडले असते, आणि मग त्या घरात मला राहणं जमलं नसतं. म्हणून ती कोरडी राहिली. हे तिला सांगायला आता ती नाही.

पिक्चर संपला. दिवे लागले. मुंबईचे एक साहेब उभे राहिले, त्यांचा इथं बंगला आहे. माइक घेऊन म्हणाले, “आपल्या समाजातही दोष होते. पण एक समाधान आहे, माणसाला असं बांधून ठेवणं आपल्याकडे कधीच नव्हतं.”

टाळ्या पडल्या.

मी उभी राहिले.  म्हटलं, “व्हतं. मला ठेवलं व्हतं.”

सगळे वळले. मी सांगितलं. भट्टी, घर, पडवी. थोडक्यातच.

साहेब म्हणाले, “अहो, पण ते वेगळं. तुम्हाला जेवायला तर मिळत होतं ना?”

“या पिक्चरमधल्यांनाबी मिळत व्हतं,” मी म्हटलं.

 मग सेक्रेटरीची बायको जवळ आली, दातओठ खात म्हणाली, “तुझं नंतर बघू. आधी चहाचे कप गोळा कर.”

“न्हाय करनार.”

आयुष्यात पहिल्यांदा हा शब्द तोंडातून सरळ बाहेर पडला. मी चप्पल घातली आणि निघाले.

पण चालताना मला स्वतःचं कौतुक वाटेना. कारण माझ्या भावाची पोर त्या घडीला तशीच एका घरी होती. पेणजवळ, भट्टीवाल्याकडं. ‘शाळेत घालतो’ म्हणून ठेवलेली. वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजयीला घेऊन एसटीनं गेले. पोर मागच्या दारी भांडी घासत होती. राखेनं बोटं भेगाळलेली.

मालक बाहेर आला. “आता घेऊन गेलात तर भट्टीवर पाय ठेवायचा नाही.”

भावजय माझ्या मागं झाली. “बाय, चल, जाऊ आपण,” पुटपुटली.

मी म्हटलं, “भट्टीवर यायचं का न्हाय ते आमचं आमी बघू. पोर न्हेतो.”

“पोलिसांना बोलावीन.”

“बोलवा. एवढीशी पोर कामाला का ठेवली, ते त्यांनाबी सांगा.”

तो आत निघून गेला. मी पोरीला म्हटलं, “ऊठ, घरला जायचं.” तिनं आधी आईकडं बघितलं नाही. दारात उभ्या मालकिणीकडं बघितलं आणि विचारलं, “जाऊ?”

भावजय तिथंच खाली बसली.

पोर घरी आहे. अजून काही खायच्या आधी विचारते. भाऊ माझ्याशी बोलत नाही, त्याचं भट्टीवरचं काम गेलं. हॉलच्या कामावर दुसरी बाई लावलीय. वाडीतली आणखी पोरं अशीच बाहेर आहेत. कोण कुणाच्या घरी आहे, ते मला माहीत आहे. त्यांच्या आया रात्रंदिवस चेहरा कोरडा ठेवून जगतायत. त्या आयांना सोबत घेऊन मी एकेका घरी जाणार. आणि पोर हातात आल्याशिवाय त्या अंगणातून हलणार नाही.